आदरभाऊ

विरारहून अर्नाळ्याला येणाऱ्या बसमधून दर रविवारी एक तरी आदरभाऊ उतरतो. खादीचा कुर्ता, खांद्याला शबनम, चेहऱ्यावर आगाऊ क्षमायाचना. दुसऱ्यांच्या संस्कृतीपुढे नम्र व्हावं, हे त्याने इतकं मनावर घेतलंय की किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटीच्या तांडेलाला तो वाकून नमस्कार करत बसतो आणि तोवर बोट सुटते.

दुसऱ्या बोटीने बेटावर पोचला की चपला हातात. देऊळ दिसायच्या आधीच! एकाच बेटावर त्र्यंबकेश्वर, कालिकामाता आणि शाह अली, हाजी अली यांचे दर्गे बघून त्याला गहिवर येतो.

"मावशी, हे सहजीवन तुम्ही कसं साधलंत?"

"पाणी भरायचं असतं हो भाऊ. भांडायला वेळ कुणाला आहे?"

हे तो वहीत लिहून घेतो. मग दरवाजावरचे दगडी हत्ती, गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला किल्ला असं सगळं तो मावशीला सांगतो. मावशीचा जन्म इथलाच. तिचे हात थांबत नाहीत. जबड्यात जबडा अडकवून बोंबलाच्या जोड्या ती बांबूवर वाळत घालत असते. आदरभाऊ नारळी पौर्णिमेवर येतो, कोळी लोक समुद्राला नारळ का वाहतात ते समजावतो. तीन पिढ्यांची होडी असलेल्या घरातली मावशी "असं होय?" म्हणून ऐकून घेते. नम्रतेचा वर्ग नक्की कोण घेतंय, हे त्याच्या लक्षात येत नाही.

फोटोसाठी तो परवानगी मागतो. पण ती मिळेपर्यंत चार काढून झालेले असतात. वासाला वास म्हणणं त्याला असभ्य वाटतं. 'खारा परिमळ' म्हणतो आणि रुमाल नाकाला लावतो. हाच गृहस्थ मुंबईतल्या आपल्या सोसायटीत, भाडेकरू मासे खाणारा नको, या अर्जावर पहिली सही करून आलेला असतो. खाडीपलीकडच्या संस्कृतीचा आदर करणं सोपं, जिन्यापलीकडची जरा जड जाते.

निघताना, नाही म्हणणं अपमानाचं होईल म्हणून, तो पाव किलो सुकट घेतो. तीन पिशव्यांत बांधून.

विरारहून सुटलेल्या लोकलमध्ये वसई येईतो डब्यात कुजबुज सुरू होते.

"कुणी सुकट आणलंय हो?"

आदरभाऊ शबनम पायाने बाकाखाली सरकवतो आणि नाक मुरडून सगळ्यांबरोबर इकडेतिकडे बघू लागतो.