परिच्छेद तिथेच संपवा

हॅरी पॉटरच्या चाहत्यांनी रचलेल्या कथांची स्पर्धा असली की नियमांत बऱ्याचदा एक अट ठळक अक्षरांत असते: ‘टी’ श्रेणीच्या वर काही नको. म्हणजे तेरा वर्षांच्या पोराला झेपेल इतकंच. चुंबन चालेल, पण परिच्छेद तिथेच संपवा. रक्त सांडा, पण बेताचं. शिवी अगदीच अडली असेल तर सौम्य.

अट रास्त आहे. अशा कथांचं संकेतस्थळ असलेल्या फॅनफिक्शन डॉट नेटने २००२ मध्येच निव्वळ प्रौढांसाठीच्या कथा बंद केल्या. (आधी श्रेणींची अक्षरंही अमेरिकी सिनेमावाल्यांची उसनी होती, त्यांनी डोळे वटारल्यावर के, टी, एम अशी नवी बाराखडी आली.)

आता मूळ पुस्तक बघा, २००० सालचा चौथा भाग. कबरस्तानात खलनायकाचा चाकर वर्मटेल स्वतःचा हात छाटून उकळत्या काहिलीत टाकतो, मग बांधून ठेवलेल्या हॅरीच्या हातावर सुरी चालवून रक्त काढतो आणि त्या रश्श्यातून तो खलनायक, वोल्डेमॉर्ट, उठतो. हे बालसाहित्य. वाढदिवसाला भेट देतात. हेच कुणा चाहतीने स्पर्धेला पाठवलं असतं तर परीक्षकांनी शेरा मारला असता: ‘शैली आश्वासक. श्रेणी ओलांडल्यामुळे बाद. पुढच्या वेळी हात शाबूत ठेवावा.’