चालू हाये ना!

सिल्लोडात जुनी डिझेल इनोव्हा बाळगणाऱ्याला टायमिंग बेल्ट कधी बदलणार असं विचारा, तो उलट विचारतो, "चालू हाये ना गाडी?" लोक त्याला कंजूष म्हणतात, ते काही खरं नाही. हाच गृहस्थ दर दिवाळीला नवं सीट कव्हर घालतो, मागच्या काचेवर पोरांची नावं रेडियममध्ये कापून घेतो, आणि ऑइल तर वेळेआधीच बदलतो, कारण काळं पडलेलं ऑइल बोटाला लावून बघता येतं. दिसत नाही ती झीज तो मानत नाही, एवढंच. अनुभवही त्याच्या बाजूने आहे. विहिरीवरची मोटार जळण्याआधी वास देते, बैल आजारी पडायच्या आधी चारा सोडतो, अजिंठ्याच्या घाटात क्लचप्लेट नाकाला कळते. बेल्ट मात्र कव्हरखाली लपलेला, दातेरी, रबरी. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची एक, हा हिशेब तो बहुतेक वेळा कुरकुर न करता शेवटपर्यंत चोख ठेवतो. तुटला, की वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्ववर आदळतो, व्हॉल्व वाकतात, हेड उतरवावं लागतं आणि वऱ्हाडासकट गाडी फुलंब्रीहून टोचन करून आणावी लागते.

बदला म्हटलं की त्याचे मुद्दे तयार असतात. गॅरेजवाले लुटतात, हा पहिला. शंका अगदीच बिनबुडाची नाही. बेल्टसोबत टेन्शनरही टाका म्हणतात आणि बिल फुगतं. पण पुढचं सगळं खोलायची मजुरी एकदाच पडते, आणि जुन्या टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही त्याच्यासोबत जातो. दुसरा मुद्दा मेव्हण्याचा: त्याच्या डिझेल स्विफ्टला असलं काही लागत नाही. बरोबर, तिला चेन आहे. तिसरा, गाडी फिरतेच कुठे? बाजार समिती आणि लग्नं. रबराचं मात्र उभ्या गाडीतही वय होतं, शिवाय मराठवाड्यातला मे महिना असतोच. म्हणून तर बेल्टला किलोमीटरसोबत वर्षांचीही मर्यादा घालतात, जी आधी भरेल ती खरी. त्यातून गाडी सेकंडहँड असली, तर आधीच्या मालकाने मीटर किती मागे नेलं हे देवाला ठाऊक. आणि अमक्याची गाडी मूळ बेल्टवर दोन लाख चालली, हा पारावरचा पुरावा घ्यायचा, तर ज्याचं इंजिन बसलं तो पारावर गप्प असतो, हेही धरायला हवं.

बरं, मुदतीवर वस्तू बदलणं त्याला समजतच नाही म्हणावं, तर बंपरला लटकणारं लिंबू-मिरची बघा. दर शनिवारी ते नवं येतं. जुनं तुटलेलं नसतं, त्याने आवाज केलेला नसतो, आठवडाभरात ते कामी आलं का याची कोणी तपासणी केलेली नसते. वार आला की बदलायचं. हाच शिस्तीचा माणूस डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागल्यावर मिस्त्रीला म्हणतो, "तेवढा दिवा बंद करून द्या." तो बंद करता येतो, हे त्या दिव्याचं दुर्दैव. मिस्त्री बटण दाबून दिवा घालवतो, चहा होतो, आणि काम झाल्याच्या समाधानात गाडी जळगाव रस्त्याला लागते.

पुढे मक्याचे पैसे आले की बेल्टचं बघू असं ठरतं. पैसे आले की नव्या गाडीचंच बघू असं ठरतं. मग जुनी विकायला निघते. गिऱ्हाईक बॉनेट उघडून वाकतं, इंजिनाचा आवाज ऐकतं. मालक कव्हरवर थाप मारून सांगतो, "आतलं एक नट खोललेलं नाही, बेल्टसुद्धा कंपनीचाच." गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो आणि भाव पाच हजारांनी वर जातो.