टाकळ्याचा टॉलरन्स

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तारे पाच असले तरी चहा टपरीवरच प्यावा लागतो. मी इथं क्वालिटीत आहे. दिवसभर मायक्रॉनचा हिशेब आणि रात्री घरी कागदावर पाणी ओतून रंगाला मोकाट सोडणं, असा माझा दिनक्रम. ती पार्श्वभूमी वाळली की तिच्यावर वॉटरप्रूफ शाईनं एखादी वनस्पती रेखाटायची.

या छंदाचं साहित्य एमआयडीसीत पायलीला पन्नास. ओल्या रंगाची चकाकी उतरायला लागली की कँटीनचं जाडं मीठ भुरभुरायचं. खडा भोवतीचं पाणी ओढून घेतो आणि पांढरट चांदण्या उमटतात. पॅकिंगची स्ट्रेच फिल्म चुरगाळून दाबून ठेवली तर सुरकुत्यांची नक्षी येते. लोखंडाचा कीस ओला करून कागदावर ठेवला की सकाळपर्यंत गंजाचा असा तांबूस रंग चढतो, की दुकानातली ट्यूब घ्यायलाच नको.

पार्श्वभूमीला सगळं माफ, वनस्पतीला नाही. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या जोड्या तीन. चौथी काढली की जॉब रिजेक्ट. शेंग मी व्हर्नियरनं मोजतो. पण संध्याकाळी टाकळा पानं मिटून घेतो, म्हणजे माझी आणि मॉडेलची शिफ्ट एकदमच सुटते. मग मॉडेल गाठायचं जेवणाच्या सुट्टीत, कंपाउंडच्या कडेला, उकिडवं बसून.

"साहेब, काय हरवलंय काय?" गेटवरच्या मामांनी विचारलं.

"टाकळा बघतोय, मामा."

"आता जून झाला की ओ! भाजीला पावसाच्या सुरवातीला न्यायचा, कवळा असतोय तवा."

शॉपमधल्या सहकाऱ्यानं तयार चित्र उजेडात धरून तपासलं. "झाड झ्याक आलंय. पण मागं कूलंट सांडलंय. रूट कॉज काय?" मी म्हणालो, मीठ. त्यानं कँटीनकडं बघितलं.

वनस्पती रेखाटण्याचं हे काम तसं जुनंच. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन नावाच्या साहेबानं १८४७ ते १८५० च्या सुमारास एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रं काढून घेतली. चित्रं एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात पोचली, साहेबाचं नाव राहिलं, चित्रकाराचं मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. आमच्याकडं जॉबकार्डावर हेल्परचंसुद्धा नाव असतं!

या छंदातले नवे हौशी मीठ, फिल्म, गंज सगळं एकाच कागदावर करतात. मग त्यात एकदांडीचं फूल हुडकायला पोलीस बोलवावे लागतात. माझं मत विचाराल तर एका कागदावर एकच प्रयोग करावा, तोही फिका. घाणेरीसारखी एकाच गुच्छात दोन-तीन रंग मिरवणारी बया काढायची असेल तर मागं नुसता पाणचट करडा पुरे.

आता एक विनंती. पाऊस सरता सरता टाकळ्याला पिवळी फुलं येतात. तेव्हा कुंपणाशी कुणी व्हर्नियर लावून बसलेला दिसला तर मागून हॉर्न वाजवू नका. शाई ओली असते.