वादळाचा फेरफार

परभणी जिल्ह्याच्या सरकारी वर्णनात गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांचा, काळ्या कसदार जमिनीचा, ज्वारीचा व कापसाचा यथास्थित उल्लेख असतो. समुद्राचा मात्र नसतो, आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या येथील नागरिकांनाही या एका उणिवेपुढे निरुत्तर व्हावे लागत असे. ही उणीव २०२१ सालच्या सप्टेंबरअखेरीस, कोणत्याही लोकप्रतिनिधीने पाठपुरावा केलेला नसताना, परस्पर दूर झाली. बंगालच्या उपसागरात जन्मलेले ‘गुलाब’ नावाचे चक्रीवादळ २६ तारखेच्या सायंकाळी आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यास लागले, तेथे न रमता, वाटेत जोर ओसरला तरी पाण्याची शिदोरी राखून, मजल दरमजल करीत मराठवाड्यात दाखल झाले. आणि बंदर, दीपगृह, कोळीवाडा यांपैकी काहीही पदरी नसलेल्या या मुलखास सागरी आपत्तीचा लाभ घरपोच मिळाला.

‘गुलाब’ हे नाव पाकिस्तानने सुचविलेले. मराठवाडा भिजवून झाल्यावर वादळाचे अवशेष अरबी समुद्रात उतरले, तेथे पुन्हा बाळसे धरून १ ऑक्टोबरला त्यांचे ‘शाहीन’ झाले (हे नाव कतारचे), आणि ३ तारखेस ते ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळले. या प्रदीर्घ प्रवासातील एकाच गोष्टीने आमच्या मनात घर केले: आज्याच्या पश्चात नातवाचे नाव सातबाऱ्यावर चढविण्यास जेथे वारसाचा अर्ज, मृत्यूचा दाखला, नोटीस, हरकत आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी एवढे घाट चढावे लागतात, तेथे या गृहस्थाचा फेरफार तीनचार दिवसांत, एकही हरकत न येता, थेट दिल्लीच्या हवामान खात्यातून मंजूर व्हावा!

वादळ परदेशी गेले तरी त्याने केलेली बेटे येथेच राहिली. आणि वादळ नसले तरी ती होतातच. पालम तालुक्यात लेंडी नदी फुगली की पलीकडच्या गावांना बेटाचे स्वरूप येते, ही बातमी वार्ताहराने दर पावसाळ्यात नव्याने लिहिण्याचे वास्तविक प्रयोजन नाही. तारीख तेवढी बदलावी. एरवी अडलेली बाळंतीण बाजेवर घालून ओढा ओलांडावा लागला तरी ते गाव शासनाच्या दृष्टीने मुख्य भूमीतच असते; पाणी चढले म्हणजे मात्र बोट येते, छायाचित्रकार येतो, आणि गुडघाभर बूट घातलेले मान्यवर रस्त्यालगतच्या शेताची पाहणी करून, आतल्या शेतांची कल्पना आल्याचे सांगून, चहास वेळेवर परततात.

अतिवृष्टी झाली की नाही याचा निकाल आकाशात लागत नसून महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात लागतो, हे शास्त्र परभणीकरांस आता मुखोद्गत झाले आहे. चोवीस तासांत ६५ मिलीमीटर पाऊस त्या यंत्रात उतरला तर मंडळातील यच्चयावत शिवारांत अतिवृष्टी झाली असे समजावयाचे. ६४ उतरला तर, मग तुमच्या बांधावरची बाभूळ मुळासकट वाहून गेली असली तरी, तो नुसता पाऊस. सबब मेघांना आमची नम्र सूचना आहे की त्यांनी खेड्यापाड्यांत वणवण न करता प्रथम यंत्राच्या तोंडावर हजेरी लावावी आणि मगच पुढील कामास लागावे.

यानंतर पंचनामा. सोयाबीनची शेंग दाबली तर आतला दाणा फुगून पांढरा कोंब बाहेर काढून बसलेला. कपाशीची खालची बोंडे काळी पडून बोटाला बुळबुळीत लागणारी. आणि त्या चिखलात उभ्या असलेल्या कास्तकारास विचारणा अशी की, नुकसान किती टक्के? शालान्त परीक्षेत उत्तीर्ण होण्यास पस्तीस टक्के लागतात. नुकसानीत उत्तीर्ण होण्यास तेहतीस पुरतात, एवढी सवलत सरकारने उदारपणे दिलेली आहे. पीक विमा घेतलेल्याने मात्र २०२१ साली बहात्तर तासांच्या आत कंपनीस वर्दी द्यावी लागे. वर्दी मोबाइलवरून द्यावयाची, मोबाइल विजेवर चालावयाचा, आणि विजेचा खांब तर ओढ्यात आडवा. पीक आपणच पाहून आपणच नोंदविण्याची ई-पीक पाहणी त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला राज्यभर सुरू झाली होती. तेव्हा नुकत्याच हाती आलेल्या या स्वातंत्र्याचा उपभोग घेण्यासाठी मंडळी नेटवर्कच्या शोधात टेकाडावर चढून बसली. केंद्रीय पथकाची चाल तर याहून भारदस्त: ते येते तोवर रानात हरभरा उगवून हिरवागार झालेला असतो, आणि नुकसान दाखविण्यासाठी शेतकऱ्यास मोबाइलमधले जुने फोटो चाळावे लागतात.

१३ ऑक्टोबरला राज्य सरकारने १०,००० कोटी रुपयांची मदत जाहीर केली: जिरायतीस हेक्टरी १०,०००, बागायतीस १५,०००, बहुवार्षिक पिकांस २५,०००, आणि हे सर्व दोन हेक्टरांच्या मर्यादेत. मर्यादेपलीकडे गेलेले पाणी अर्थात विनापरवाना समजावयाचे. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील नद्यांनी पुन्हा उजळणी केली तेव्हा ३१,६२८ कोटींचे पॅकेज निघाले आणि मर्यादा तीन हेक्टर झाली. चार वर्षांत पुरास एक हेक्टर वाढवून मिळाला. इतक्या नियमितपणे वेतनवाढ मिळविणारा दुसरा कर्मचारी जिल्ह्यात दाखविणे कठीण.

अशाच एका पंचनाम्याचे कागद भरले जात असता, काठाचा तुकडा खरडून गेलेल्या एका वृद्ध खातेदाराने तलाठ्यास सुचविले, “साहेब, रान तं गंगेनं नेलं. आता सातबारा बी तिच्याच नावानं करून टाका, म्हंजी सारा तिच्याकडूनच घ्याल.”

तलाठ्यास यात विनोद आढळला नाही. गोदावरीस इकडे गंगा म्हणतात हे त्यास ठाऊक होते, आणि नियमही पाठ होते. “बाबा, फेरफाराला खरेदीखत लागतं, नाहीतर वारसा. शिवाय अंगठा द्यायला गंगेला स्वतः कार्यालयात यावं लागेल.”

“येतीच की ती दरसाली,” म्हातारा म्हणाला. “तव्हा तुम्हीच नसता जाग्यावर.”