अंबडचा भविष्यवाला

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘स्ट्रॅटेजिस्ट, इमर्जिंग टेक्नॉलॉजीज’ असं छापलंय. कार्ड एवढंसं, पद एवढं लांब, की फोन नंबर मागच्या बाजूला गेलाय. आई सोसायटीत ‘कॉम्प्युटरचं बघतो’ म्हणून सुटका करून घेते. शेजारचे काका मात्र चिवट.

“म्हणजे बनवता काय?”

“बनवत नाही काका. पुढे काय येणार ते कंपनीला सांगतो.”

“अस्सं! मग अंबडला कशाला जाता? त्र्यंबकला बसा. तिथे दक्षिणा आधी मिळते.”

नाशिकच्या अंबडमधली आमची कंपनी गाड्यांचे पत्र्याचे पार्ट ठोकते. साहेब मुंबईच्या कॉन्फरन्सहून सोमवारी परततात ते नवा शब्द घेऊनच. आधी ब्लॉकचेन होतं, मग मेटाव्हर्स आलं, हल्ली कॅन्टीनच्या मेनूतही एआय हवंय. माझं खरं काम साहेबांना बुधवारपर्यंत थोपवण्याचं. गुरुवारी ते डिस्पॅचच्या भानगडीत अडकतात आणि भविष्य आपोआप पुढे ढकललं जातं.

एकदा मी ‘हाइप सायकल’चा आलेख दाखवला. गार्टनर ही अमेरिकन सल्लागार कंपनी 1995पासून तो काढतेय: नव्या तंत्रज्ञानाचा गवगवा शिखरावर जातो, धाडकन दरीत कोसळतो, मग हळूहळू उपयोगाच्या पठारावर येतो. आमचे पर्चेसवाले निफाडचे. चष्मा वर करून म्हणाले, “हा तर लासलगावचा कांदा! भाव चढला की सगळे लावतात, मग पडतो. ज्याची साठवणीची चाळ असते तो तरतो. आपली चाळ कुठंय?”

चाळ म्हणजे डेटा. तो आहे, पण प्रेस शॉपच्या अण्णांच्या डोक्यात. मी लावलेला सेन्सर हिरवा दिवा दाखवत होता, तेव्हा अण्णांनी मशीनवर तळवा टेकवला आणि म्हणाले, “बेअरिंग चाललंय. दिवाळी नाही बघत.” दसऱ्यालाच गेलं. अण्णांना यूएसबी पोर्ट नाही, ही माझी मुख्य तांत्रिक अडचण.

या धंद्यातला आमचा आद्यपुरुष म्हणजे त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. 1912 साली लंडनहून कॅमेरा आणला, पण सिनेमा नावाच्या खुळाला पैसे कोण देणार? त्यांनी स्लाइड केली नाही. कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि भांडवलवाल्याला पडद्यावर रोप भराभर वाढताना दाखवलं. पैसे सुटले. सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले, तो भाग मी घरी सांगत नाही. 1913मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड घेऊन नाशकात आले.

हे सगळं रंगवून मी साहेबांकडे एकाच प्रेसवर छोटा प्रयोग मागितला. अण्णांचा तळवा काय ओळखतो, ते सहा महिने नोंदवायचं, बस्स. साहेब चक्क भारावले.

“छान! पण वाटाणा मार्चअखेर येईल ना? क्वार्टर संपतंय.”

“येईल सर. पर्चेस ऑर्डर काढा, पेरतो.”

पीओ फायनान्सकडे आहे. त्यांनी वाटाण्याची तीन कोटेशनं मागितलीत.