झोपडी मोजली, बोळ कोण मोजणार?

धारावीत मार्च 2024 पासून घरोघर सर्वेक्षण सुरू झाले. झोपड्यांना क्रमांक पडले, लेसर यंत्राने खोल्या मोजल्या, वरून ड्रोन फिरले. खटाटोप कशासाठी, तर पुनर्विकासातल्या घराला पात्र कोण, म्हणजे 1 जानेवारी 2000 च्या आधीचा कोण आणि नंतरचा कोण, हे ठरवण्यासाठी. मग त्याच मोजणीतून बोळांची रुंदी काढून अग्निशमन दलाच्या हाती द्यायला काय हरकत आहे?

आग लागली की बाई 101 ला सांगते, ‘मशिदीमागे, राशनच्या दुकानाच्या बोळात.’ शेजारणीला एवढा पत्ता पुरतो. शहराच्या नकाशात मात्र तो बोळ सापडत नाही. बंब नव्वद फुटी रस्त्यावर थांबतो. तिथून जवान होज पाइप खांद्यावर टाकून पळतात. कुठला बोळ आरपार जातो, कुठला भिंतीला जाऊन अडतो, कुठे लोखंडी जिन्याने वाट गिळली आहे, हे त्यांना धुरात चाचपून शोधावे लागते. 7 डिसेंबर 2015 ला कांदिवलीच्या दामू नगरात सिलिंडर एकामागून एक फुटत गेले, हजाराहून अधिक झोपड्या जळाल्या. बंबांना तिथेही वाट अरुंदच होती.

केप टाउनच्या खायेलित्शा वस्तीत 1 जानेवारी 2013 ला आग लागून हजारो माणसे उघड्यावर आली. त्यानंतर तिथे लुम्कानी नावाचे छोटे यंत्र तयार झाले. एका खोलीच्या घरात स्वयंपाकाचा धूर रोजचाच, म्हणून हे यंत्र धूर हुंगत नाही. तापमान किती झपाट्याने चढते ते पाहते. एका घरात ते वाजले की आसपासच्या घरांतलीही वाजतात, आणि आग लागलेल्या घराचे जीपीएस स्थान कळते. त्यासाठी आधी ते घर नकाशावर असावे लागते. मला यंत्रापेक्षा ही नोंद मोलाची वाटते.

आपल्याकडे हे काम जाणणारे नाहीत, असे कुणी सांगू नये. पुण्यातली शेल्टर असोसिएट्स ही संस्था कितीतरी वर्षे वस्त्यांचे जीआयएस नकाशे करते आहे, आणि त्यांच्याच आधारे घरोघरी शौचालये देते आहे. त्याच पद्धतीने पाण्याची जागा, वीज तोडायचा खटका, भंगार-प्लास्टिकची गोदामे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची घरे नोंदवता येतील. वस्तीतल्या बचत गटाच्या बायका हे कुठल्याही ड्रोनपेक्षा अचूक सांगतील.

पण त्या सांगतील का? मोजपट्टी आली की मागून बुलडोझर येतो, हे या वस्त्यांनी पाहिले आहे. त्यांची भीती रास्त आहे. म्हणून महापालिकेने आधी लेखी द्यावे: आगीसाठी केलेला नकाशा भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात राहील, अतिक्रमण विभागाला तो मिळणार नाही आणि पात्रतेच्या सुनावणीत त्यातली एकही नोंद वापरली जाणार नाही.