मूक छिद्रकर्माची मार्गदर्शिका

सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहून जो गृहस्थ घरच्या घरी सर्किट बोर्ड करण्याचा संकल्प सोडतो, त्याने बेसिनवर पडलेल्या फेरिक क्लोराइडच्या डागांची चिंता खुशाल लांबणीवर टाकावी; ते प्रकरण घरच्याच दरबारात मिटते, परंतु भोके पाडण्याची तक्रार थेट सचिवांपुढे रुजू होते. निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवून दिलेली असली, तरी खालच्या मजल्यावरील निवृत्त सद्गृहस्थांची मर्यादा त्याहून पुष्कळ कडक असते आणि तिच्यावर अपील चालत नाही.

म्हणून भिंतीला भोके पाडणारे थोराड ड्रिल प्रथम सन्मानपूर्वक सेवानिवृत्त करावे. त्याच्या गिअरची गर्जना सोसली, तरी आयसीच्या पायांना लागणारे 0.8 मिलिमीटरचे बिट त्याच्या चकात बहुधा धड बसतच नाही. त्याऐवजी बिनगिअरची, 12 व्होल्टची लहान डीसी मोटर व कोलेट चक घ्यावा. मात्र पैसे मोजण्यापूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानातच मोटर चालू करवून बिटाच्या टोकाकडे टक लावून पाहावे. टोक एका बिंदूवर स्थिर दिसले तर सौदा पक्का करावा. ते वर्तुळ काढू लागले तर दुकानदाराच्या शपथांना न भुलता पुढचे दुकान गाठावे. डगमगते बिट कोकलते, भोक मोठे पाडते आणि शेवटी मोडते. काचतंतूच्या बोर्डापुढे साधे पोलादी बिट लवकरच बोथट होते, म्हणून टंगस्टन कार्बाइडचे घ्यावे. आणि ते जरा तिरके ओढले गेले की तुटत असल्यामुळे हातात धरून शौर्य न गाजवता उभ्या स्टँडचा बंदोबस्त करावा.

एवढे करूनही कलकलाट उरलाच, तर दोष मोटरीला न देता टेबलाची झडती घ्यावी. तंबोऱ्याला जसा भोपळा, तसे मोटरीला पोकळ खणांचे टेबल; त्यात खणात सुटे स्क्रू असतील तर साथीला झांजाही वाजतात. खण रिकामा करावा, टेबलावर जाड मऊ रबर अंथरावे, रबरावर शहाबादी फरशीचा जड तुकडा आणि फरशीवर स्टँड ठेवावा, म्हणजे कंप बराचसा वरच्यावर जिरतो. बोर्डाखाली टाकाऊ हार्डबोर्ड घट्ट दाबून धरावा. अधांतरी बोर्ड फडफडतो. तांब्याच्या ठिपक्याच्या मध्यभागी फेरिक क्लोराइडने कोरलेला खळगा असला, की बिट आपले स्थान आपणच शोधते आणि पृष्ठभागावर घसरत किंचाळत नाही.

उडणारी धूळ काचेची असल्याने मुखपट्टी बांधावी व ती धूळ ओल्या फडक्याने टिपावी. व्हॅक्यूम क्लीनर लावण्याचा मोह अनावर झालाच, तर खालच्या सद्गृहस्थांना आधी चहाला वर बोलावून घ्यावे.